नाकावरचा फितूर

सिम कार्ड! अहो, सिम कार्ड निघालं त्याच्या पोटात! म्हणजे मोबाईलमध्ये सिम असतं, कळतं. हल्ली गाडीत बसवतात, चोरीला जाऊ नये म्हणून, तेही कळतं... पण माणूस जे नाकाला लावून झोपतो, डोळे मिटून, सगळा जीव त्याच्या हवाली करून, त्याच्या पोटात सिम कार्ड? आणि त्यानं रात्रभर आपलं नाक धरायचं आणि सकाळ झाली की आपल्याच सुनेच्या मोबाईलवर आपली चहाडी करायची? तुम्हाला सांगतो, फकिरनानांना हे कळलं तेव्हा हातातला चहा हातातच राहिला, साय धरली त्याच्यावर, आणि ते एवढंच म्हणाले, "म्हणजे हा घरात राहून बाहेरच्यांना सामील होता." आता सांगा, माणसानं झोपायचं तरी कुणाच्या भरवशावर?

थांबा, तुम्हाला नाना कुठं माहीत आहेत! फकिरराव तांदळे. राहणार मखमलाबाद. झेंडू, गुलाब, मध्ये थोडी कोथिंबीर. माझा मळा त्यांच्या बांधाला लागून, त्यामुळं अर्धी हकीकत मी बांधावरून ऐकली, अर्धी नानांनी स्वतः बांध ओलांडून येऊन सांगितली, आणि जी नानांनी गाळली ती वत्सलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आमच्या ओट्यावर मेथी निवडता निवडता सांगितली. म्हणजे बातमी पक्की आहे.

तर नानांना झोपेचा आजार. हसू नका! सगळे हसतात. झोपेचा कसला आलाय आजार, घोरतो की मीपण! घोरणं वेगळं आणि हे वेगळं. नाना झोपले की घसा आतून मिटायचा आणि श्वास बंद. बंद म्हणजे बंद! मग अंग दचकायचं, घर्रर्र करून श्वास परत यायचा, की पुन्हा बंद, आणि हे असं रात्रभर. डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "फकिरराव, तुम्ही रात्री झोपत नाही. तुम्ही रात्रभर बुडता आणि वर येता, बुडता आणि वर येता." आता रात्रभर विहिरीत गटांगळ्या खाल्लेला माणूस दिवसा काय करणार? पेंगणार! नाना उभ्याउभ्या पेंगायचे. जेवताना पेंगायचे. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हातात अक्षता धरून पेंगले, आणि कहर म्हणजे फूलबाजारात पेंगले! आता लिलावात मान हलवली की बोली धरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नानांची मान खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली... आणि झेंडू विकायला गेलेले नाना दुसऱ्याचा झेंडू विकत घेऊन घरी आले! तोही आदल्या दिवशीचा!

तेव्हा ते पहिलं मशीन आलं. हवेचं मशीन हो, नाकाला मास्क लावायचा, नळीतून हवा येते, तिच्या जोरानं घसा उघडा राहतो, माणूस झोपतो. एवढंच. पण मशीन काय होतं! आकार पिठाच्या डब्याएवढा आणि आवाज पिठाच्या गिरणीएवढा. भुर्रर्र... भुर्रर्र... आमच्या घरापर्यंत यायचा. वत्सलाबाई म्हणायच्या, "माझं लग्न मळ्यात झालं, संसार गिरणीत चाललाय." पण नाना? नाना त्याच्यावर जीव टाकायचे. लाईट जाते म्हणून आधी त्याच्यासाठी इन्व्हर्टर घेतला, फ्रीज त्याच्यानंतर आला घरात. कुठं गावाला जायचं तर कपड्यांची पिशवी विसरतील, पण मशीन पोटाशी धरून एसटीत.

एकदा नामपूरला गेले, बहिणीकडं, लग्नाला. पाव्हण्यांची ओळीनं अंथरुणं, त्यात नानांनी आपलं मशीन काढलं, नळी जोडली, मास्क चढवला आणि भुर्रर्र सुरू. शेजारची एक म्हातारी उठून बसली. "भाऊ, हाई काय शे?" नाना तोवर झोपलेले. झालं! म्हातारीनं दुसरीला उठवलं, दुसरीनं तिसरीला, आणि पहाटे नानांनी डोळे उघडले तर भोवती सगळं वऱ्हाड हात जोडून उभं, आणि एकीच्या हातात चमचाभर गंगेचं पाणी! नाना मास्क काढून म्हणाले, "चहा झाला का?" तर दोघीजणी किंचाळल्या.

असं ते मशीन. दहा-बारा वर्षं साथ दिली. आणि एके दिवशी त्यातून जळका वास आला, भुर्रर्रचं खर्रर्र झालं, खर्रर्रचं काहीच झालं नाही. नाना ते पिशवीत घालून मशीनवाल्याकडं गेले. त्यानं नुसतं वरून बघितलं.

"नाना, ह्याचं आता काही येत नाही."

"काही म्हणजे?"

"पार्ट. कंपनीनंच बंद केलं हे मॉडेल."

"अरे पण चालत होतं की कालपर्यंत!"

"कालपर्यंत चाललं हेच नवल आहे, नाना."

मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का हो? नानांना ते लागलंच. पण करतात काय, मशीनशिवाय झोपायचं नाही ही डॉक्टरीणबाईंची ताकीद, मग घेतलं नवं. आणि नवं कसं? जेवणाच्या डब्याएवढं! काळं कुळकुळीत, गुळगुळीत, वर निळा दिवा. मशीनवाला म्हणाला, "एकदम स्मार्ट आहे नाना. हवा किती सोडायची ते स्वतःच ठरवतं."

"मग मी काय ठरवायचं?"

"तुम्ही फक्त झोपायचं."

"ते मला जुन्यावरही जमत होतं."

"आणि ह्याचा आवाज नाही. अजिबात नाही. शेजारी झोपलेल्यालासुद्धा कळत नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण तेव्हा कुणाला ठाऊक! सगळे खूष. दिशा, म्हणजे नानांची सून, हुशार पोरगी, मळ्याचा सगळा हिशेब-व्यवहार तीच बघते. तिनं मशीनवाल्याकडून काय काय समजून घेतलं, मोबाईलवर काय काय दाबलं. नाना म्हणाले, "हे काय करतीस?" ती म्हणाली, "काही नाही नाना, वॉरंटीचं आहे." वॉरंटीचं! तुम्हीही विश्वास ठेवला असता.

आणि मग सुरू झाला तो छळ. पहिल्यापासून सांगतो. मास्क असा की नाक आणि तोंड दोन्ही आत, चारी बाजूंनी पट्टे, नाना बसले की विमान घेऊन निघाल्यासारखे दिसायचे. मशीन चालू करावं तर आधी हवाच येत नाही. स्मार्ट आहे ना! म्हणे, माणसाला हळूहळू झोप लागावी म्हणून हवा हळूहळू सोडतं. नानांना गुदमरायला व्हायचं, उसाचा रस संपल्यावर नळीनं तळ ओढावा तशी हवा ओढायचे. आणि जरा डोळा लागला की ह्याला जाग! नाना झोपले, आता सोडा हवा! फ्फूऽऽऽ! एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखी. गाल फुगून डुगडुग हालायचे. पोटात हवा जायची, मग सकाळभर ढेकर. मास्कच्या कडेनं हवा निसटायची ती वेगळीच, एकदा तर अशी शिट्टी वाजली की वत्सलाबाई झोपेतून उठून स्वयंपाकघरात गॅस बंद करायला गेल्या. कुकर नव्हताच! आणि एकदा शिट्टी नव्हे, दुसराच आवाज निघाला... कसा ते सांगत नाही, चारचौघं बसलेत... नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही कूस बदलून झोपले. आजपर्यंत त्या आवाजाची जबाबदारी कुणी घेतलेली नाही.

आणि ज्याला त्याला सांगावं तर उत्तर एकच: "सवय होईल, नाना." मशीनवाला, "सवय होईल." पोरगा दिनेश, "होईल सवय." मी सुद्धा म्हणालो असेन. अहो, ज्या माणसाला दहा-बारा वर्षांची सवय आहे त्यालाच तुम्ही सवय लावताय? नवशिका असता तर गोष्ट वेगळी! नाना म्हणायचे, "मी ह्या धंद्यातला जुना गडी आहे, आणि हे कालचं कार्टं मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवतंय." मग काय करायचे, थोडा वेळ लावायचे आणि गुपचूप काढून उशाला ठेवायचे. मशीन बंद, दिवा बंद, नाना आपले जुन्या पद्धतीनं बुडायला मोकळे. आवाजच नाही, तर कुणाला कळणार?

कळलं! दुसऱ्याच दिवशी. चहाला बसले तर दिशा कप ठेवत म्हणाली, "नाना, काल लवकर काढलंत वाटतं मास्क?"

नाना गार. पुढच्या दिवशी, "नाना, काल तर जेमतेम तासभरच." तिसऱ्या दिवशी, "नाना, काल लावलंच नाहीत."

आता झोपायच्या खोलीत दोनच माणसं. एक नाना. मग दुसरं कोण? नानांनी वत्सलाबाईंकडं असं बघितलं... मला म्हणाले, "शेजारी, इतकी वर्षं बरोबर राहून बाई शेवटी सुनेला मिळाली." मिळाली! आणि बोलणंच बंद केलं त्यांच्याशी. जेवायला वाढलं तर म्हणायचे, "दिनेश, तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे." वत्सलाबाईंना काही कळेना, काय केलं मी, विचारायची सोय नाही, बाई आतल्या आत कुढायला लागली. आणि नाना मळ्याच्या बांधावर उभे राहून आभाळाला विचारायचे, "बायको फितूर झाल्यावर माणसानं झोपायचं तरी कुणाच्या भरवशावर?"

शेवटी दिशालाच राहवलं नाही. म्हणाली, "नाना, आईंवर कशाला राग काढताय? आई काही बोलल्या नाहीत. हे बघा," आणि मोबाईल पुढं केला. त्यात नानांची अख्खी रात्र! कधी झोपले, कधी काढला, श्वास किती वेळा अडला, मास्क किती गळला, आणि खाली मार्क. शंभरपैकी एकेचाळीस! शाळेत नानांनी एवढे कधी पाडले नव्हते, तरीपण इथं ते नापास. वर एक तोंड काढलेलं, पिवळं, ओठ खाली वळलेले. "मशीनमध्ये सिम आहे, नाना. रोज सकाळी आपोआप येतं माझ्याकडं. आणि डॉक्टरीणबाईंकडंही."

तेव्हाच तो चहा गार झाला, मघाशी सांगितला तो. नानांना वत्सलाबाईंची माफी मागायला हवी होती खरं तर. मागितली नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या काळ्या डब्याकडं. "जुनं बघा," म्हणाले, "जळून मेलं, पण तोंड उघडलं नाही. माझी कधी काय रात्र गेली, कुणाला कळू दिलं नाही त्यानं. आणि हे! माझ्या लाईटवर चालतं, माझ्या उशाला राहतं, आणि बातम्या बाहेर पोचवतं."

बरं, नुसत्या बातम्या असत्या तरी नानांनी सोसलं असतं. पण दिशानं पिकअपची किल्ली आपल्या कमरेला लावली! म्हणाली, "नाना, तुम्ही दिवसभर पेंगताय. मी काल बघितलं, तुम्ही उभ्यानं झेंडू तोडताना झोपलात. मशीन बरं म्हणेल तेव्हा गाडी. तोवर काळू नेईल माल." काळू म्हणजे त्यांच्याकडचा गडी, हरसूलकडचा, गाडी चांगली चालवतो, माणूस एकदम सरळ. पण दसरा आलेला तोंडावर! झेंडूचा दसरा! मिसरूड फुटायच्या आधीपासून नाना दसऱ्याला फूलबाजारात उभे राहिलेत, कॅरेट उतरवून, फेटा बांधून, आणि ह्या वर्षी ते घरी बसणार? का, तर एका डब्यानं पिवळं तोंड वाकडं केलं म्हणून?

मग नानांनी काय केलं असेल?

नाना घरात म्हणाले, "दसरा होईतो मी मळ्यातल्या खोलीवर झोपतो. फुलं चोरीला जातात." जातात, खरंच जातात, त्यामुळं कुणाला शंका नाही. "आणि मशीन नेतो बरोबर." दिशा खूष! नाना आपणहून मशीन नेताहेत! आणि मळ्यात गेल्यावर नानांनी ते मशीन काढलं, नळी जोडली, मास्क स्वच्छ पुसला आणि काळूला म्हणाले, "ये, बस. नाक इकडं कर."

काळू म्हणाला, "मला काय झालंय, नाना?"

"तुला काही झालं नाही, म्हणूनच."

चढवला त्याला मास्क! आणि काळू? मला वाटलं घाबरेल. तो सकाळी तोंड हसरं करून उठला. "नाना, लय भारी वारं येतं हो! समुद्राकाठी झोपल्यावानी!" समुद्र त्यानं बघितलेला नाही, पण ते असू द्या. आणि मोबाईलवर काय? शंभरपैकी शहाण्णव! पिवळं तोंड कानापर्यंत हसतंय! दिशानं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, तांदळे परिवार. टाळ्या, फुलं, हात जोडलेले, नामपूरच्या बहिणीनं तर ओवाळणीचं ताट पाठवलं, चित्रातलं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातूनही मेसेज, उत्तम प्रगती. आणि हे सगळं अभिनंदन नाना घेत होते हो, मान तुकवून! जांभया देत देत!

कारण नाना स्वतः? नाना शेजारच्या बाजेवर, मास्क नाही, काही नाही, रात्रभर बुडताहेत आणि वर येताहेत. दिवसा डोळे लाल, बोलता बोलता वाक्य मध्येच सोडायचे. मी म्हटलं, "नाना, हे बरं नाही." तर म्हणाले, "दसरा होऊ दे. फितुराशी फितुरीनंच वागायचं." आणि तिकडं काळूला त्या वाऱ्याची अशी चटक लागली की दुपारी विचारायला लागला, "नाना, आता जरा पडू का मशीन लावून?"

किल्ली मिळाली. दिशानं स्वतः हातात दिली, वर पाया पडली. खंडेनवमीच्या सकाळी पिकअप गच्च भरली, कॅरेटवर कॅरेट, वर ताडपत्री, सगळीकडं केशरी उजेड. नाना फेटा बांधून स्टेअरिंगवर. आणि शेजारी कोण? वत्सलाबाई. त्या दरवर्षी दसऱ्याला बाजारात बरोबर जातात, आपट्याच्या पानांच्या जुड्या विकायला. काळू मागं कॅरेट धरून.

आता हसायचं थांबा जरा.

मखमलाबाद रस्त्यानं गाडी निघाली. रस्ता मोकळा, वारं गार, गाडी एकसुरात चाललेली... आणि नानांची मान गेली. गेली म्हणजे गेलीच, वर आली नाही. गाडी सरळ, पुढं वळण. पण वत्सलाबाई बघत होत्या. बाई रस्त्याकडं बघत नव्हती, नवऱ्याच्या मानेकडं बघत होती, गाडीत बसल्यापासून! इतक्या वर्षांच्या रात्री त्या मानेशेजारी काढलेल्या, कुठल्या क्षणी ती पडते हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी ओरडायच्या आधी हात टाकला. एक हात स्टेअरिंगला, एक हँडब्रेकला. गाडी रस्ता सोडून एका नव्या बिल्डिंगपुढच्या वाळूच्या ढिगावर चढली, वाकडी झाली, आणि उभी राहिली.

कुणाला काही झालं नाही. खरंच नाही. काळूचं ढोपर सोललं, नानांचा फेटा सुटला. पण झेंडू! ताडपत्री फाटली, कॅरेट उलटले, अख्ख्या रस्त्यावर झेंडू. सकाळी फिरायला आलेल्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, सणासुदीला कुणी तरी रस्ता सजवलाय!" आणि ओटीत भरून न्यायला लागल्या. नाना वाळूवर बसलेले. वत्सलाबाई काही बोलल्या नाहीत. तुम्हाला सांगतो, बोलल्या असत्या तर नानांना सोपं गेलं असतं.

पुढं काय, दिनेश आला, दिशा आली, सगळ्यांना दुसऱ्या गाडीत घालून थेट डॉक्टरीणबाईंकडं. दिशा रडकुंडीला आलेली. "बाई, मार्क शहाण्णव होते हो! मीच किल्ली दिली! मशीन चांगलं म्हणालं म्हणून दिली!" डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर उघडला, रेघा बघितल्या, वर बघितल्या, खाली बघितल्या, चष्मा काढला, घातला.

"फकिरराव, तुमच्या घशाला एवढा जोर लागतो, आणि इथं मशीनला जोर लावावाच लागलेला नाही. अडलेला श्वास एकही नाही. लहान बाळासारखी झोप आहे ही." मग त्यांनी कॉम्प्युटर नानांकडं वळवला. "हे श्वास तुमचे नाहीत."

नाना भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडं बघताहेत. आणि दारातून, ढोपराला पट्टी बांधून उभा असलेला काळू हळूच म्हणाला, "बाई... माझे असतील."

आता फितूर कोण! मशीन? ते तर इतके दिवस खरं तेच बोलत होतं बिचारं. ज्याचे श्वास आले त्याचे सांगितले! दिशानं नानांकडं बघितलं आणि ती खाली बघायला लागली. पोरीनं पाया पडून किल्ली दिली होती हो. ते बघणं नानांना लागलं, पण खरं पुढंच होतं. बाहेर बाकावर दोघंच बसलेले, नाना आणि वत्सलाबाई. नानांनी सवयीनं सुरू केलं, मशीनवाल्यानं फसवलं, सुनेनं वॉरंटी म्हणून फसवलं, त्या डब्यानं फसवलं... तर वत्सलाबाई मध्येच बोलल्या. आवाज चढवला नाही. नानांनीच मला सांगितलं हे, बांधावर बसून, माझ्याकडं न बघता.

म्हणाल्या, "अहो, त्या जुन्याला मी गिरणी म्हणायचे. पण ती गिरणी चालू म्हणजे तुम्ही चालू, म्हणून मला झोप लागायची. लाईट जाऊन बंद पडली की मी जागी. हे नवं आलं ते मुकं. शेजारी झोपलेल्याला कळत नाही म्हणाला ना तो? तेच तर. मला कळायचंच नाही. मी तुमच्या नाकापुढं बोट धरून बसायचे. आणि तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, मी चहाडी केली म्हणून."

नाना सुटलेल्या फेट्याचं टोक गुंडाळत बसले.

"मग तुम्ही मळ्यात गेलात. दिशा रोज सकाळी मला वाचून दाखवायची, आई, शहाण्णव. मी म्हटलं, देवा, आता ते डबडं राखतंय ह्यांना. किती वर्षांनी मी पाठ टेकून झोपले, ठाऊक आहे? आणि मी झोपले होते काळूच्या श्वासांवर. तुम्ही तिकडं बुडत होता आणि मी इकडं निवांत." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या गावाला विचारत फिरता, माणसानं झोपायचं कुणाच्या भरवशावर. मी कुणाच्या भरवशावर झोपायचं, ते सांगा."

नाना उठले आणि आत गेले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "लावा. काय लावायचं ते लावा."

आणि तेव्हा कळलं, खरी मेख कुठं होती! मिशी! नानांच्या मिशीचं तुम्हाला सांगायचं राहिलंच की! अहो, मिशी म्हणजे काय, दोन्हीकडं वर वळलेली, टोकाला तूप, मखमलाबादच्या नाक्यावरून ओळखावी अशी. हवेचा जोर डॉक्टरीणबाईंनी बसल्या जागी नीट बांधून दिला, ते चुटकीसरशी झालं, मशीनवाल्यानं ते कधी बघितलंच नव्हतं. पण मास्क टेकणार कुठं? मिशीवर! मग हवा गळणार, शिट्ट्या वाजणार, आणि मशीनला वाटणार, हवा कमी पडतेय, सोडा अजून! जुना मास्क नुसता नाकापुरता होता, पण आता झोपेत नानांचं तोंड उघडं राहायला लागलंय, तो चालत नाही. "एक तर मास्क," बाई म्हणाल्या, "नाही तर मिशी."

न्हाव्यानं आधी नाहीच म्हटलं. "नाना, हे पाप मला नका करायला लावू." शेवटी नानांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चालव." घरी आले तर काळूनं ओळखलं नाही, कुत्रं भुंकलं, आणि वत्सलाबाई दारात आल्या, बघितलं, लग्नापासून त्यांनी तो ओठ बघितलाच नव्हता, पदर तोंडाला लावला आणि अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. बऱ्याच दिवसांनी हसल्या म्हणे.

त्या दिवसापासून मास्क घट्ट बसतो. शिट्टी नाही, गळती नाही. नाना झोपतात. गाल अजून फुगतात म्हणतात, ढेकर येतात, मशीनला शिव्या चालूच आहेत, प्रेम काही जडलेलं नाही. मार्क बरे येतात, पण दिशा आता ते ग्रुपवर टाकत नाही. ती वत्सलाबाईंचा पलंग नानांच्या पलंगाला चिकटवून गेली, नळी मधून जाते, आणि वत्सलाबाई त्या नळीवर हात ठेवून झोपतात. हवा चालू असली की ती बारीक थरथरते म्हणे. हाताला कळतं.

तर दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाचा झेंडू. गाडी काळूनं चालवली, नाना शेजारी बसले, ताजेतवाने, डोळे स्वच्छ, एक जांभई नाही. फूलबाजारात गेले, कॅरेट उतरवले, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांची जागा! ज्याच्या गाळ्यावर निम्मं आयुष्य माल टाकला तो आडत्या आला, फुलं हातात घेऊन बघितली, नानांकडं बघितलं.

"काय दादा, माल कुणाचा?"

नाना बघतच राहिले. मग म्हणाले, "फकिरराव तांदळे. मखमलाबाद."

"अरे वा, नानांचा! तुम्ही भाऊ का त्यांचे? तोंडावळा आहे जरा. नाना नाही आले?"

काळू तोंड उघडणार होता. नानांनी त्याला डोळ्यानं गप्प केलं, ओठावरून हात फिरवला, तिथं काहीच नव्हतं, आणि उसासा टाकून म्हणाले,

"झोपलेत. आत्ता कुठं डोळा लागलाय, म्हटलं उठवायला नको."